वाजवून घेतलेलं घर

उज्ज्वला मगदूमनं आयुष्यात न वाजवता घेतलेली एकच गोष्ट म्हणजे नवरा. बाकी सगळं ती ठोकून, कानाला लावून घ्यायची. माठ घ्यायला गेली की कुंभारणीसमोर उकिडवी बसून एकेका माठाला टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायची. नारळाचं तेच, कलिंगडाचं तेच. एकदा तिनं नव्याकोऱ्या कुकरला टिचकी मारली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, ह्यात काय ऐकायचंय?"

"खोटेपणा," उज्ज्वला म्हणाली.

नवऱ्याच्या वेळी मात्र वडिलांची घाई नडली. "मला वाजवला असता तर पोकळ निघालो असतो," असं श्रेणिक मगदूम स्वतःच पाहुण्यांना हसत सांगायचा. माणूस लोण्यासारखा मऊ. ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर साखरेची चिमूट टाकत टाकत त्यांना दाराबाहेर पोचवून येणार. भांडण म्हटलं की याचं पोट बिघडायचं. त्यामुळं घरमालकांशी बोलायचं काम उज्ज्वलाकडं.

आणि घरमालक म्हणाल तर भरपूर झाले. दोघांनी सांगलीत इतकी भाड्याची घरं बदलली होती की आता ती विनाड्रायव्हरची रिक्षासुद्धा उज्ज्वला आत बसली की "घरी? सध्याच्या?" असं विचारायची. जग कुठल्या कुठं गेलं होतं. भाजी चिरायला यंत्र, डॉक्टर मनगटावर, हापूस दिवाळीत. पण भाडेकरार अजून अकरा महिन्यांचाच होता आणि त्यातली अट अजून तीच होती : भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

त्या अटीपायी उज्ज्वलाच्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ लग्नापासून दिवाणाच्या पोटात, सोलापुरी चादरीत गुंडाळून पडलं होतं. वडील मिरजेत घड्याळं दुरुस्त करायचे. जाताना म्हणाले होते, "ह्याला चावी एखाद्या दिवशी चुकली तर चालेल, पण उभी भिंत लागते बघ. आडवं केलं की लंबक झोपतो." तो झोपलेलाच होता. उज्ज्वलाला महाल नको होता, बागबगीचा नको होता. विचारल्याशिवाय एक खिळा ठोकता येईल अशी एक भिंत पाहिजे होती.

आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, महिनाअखेर जागा सोडायची होती, आणि उज्ज्वलानं जाहीर केलं होतं की यापुढं ती कुणाच्याही भिंतीला भाडं देणार नाही.

*

महावीर आवटी हा घरांचा एजंट. अंगाला अत्तर आणि पँटला खिसेच खिसे. विश्रामबागेतल्या 'चंद्रप्रभा' बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून तो म्हणाला, "वहिनी, घर नाही, सोनं आहे सोनं."

उज्ज्वलानं सोन्याकडं बघितलंच नाही. तिला हॉलमधली समोरची भिंत दिसली. लांबलचक, कोरी, पूर्वेच्या खिडकीतलं ऊन अर्ध्यावर येऊन थांबलेलं. तिनं तळहात टेकवला आणि म्हणाली, "इथं."

श्रेणिकला कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत ती पुढं सरकलीसुद्धा आणि भिंती ठोकायला लागली. हॉल खणखणीत. बेडरूम ठीक. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला तिनं बोटाचं पेर मारलं आणि थांबली.

"ही चौकट दमलीय."

"जुनं सागवान आहे वहिनी, त्याचा आवाजच धीरगंभीर."

"मी वाजवणी करून घेणार."

आवटीचा चेहरा किंचित आंबला. "मागच्या पार्टीनं केलीय की. एकदम स्वच्छ आली."

"मग घेतलं का नाही त्यांनी?"

आवटीला नेमका त्याच वेळी फोन आला. वाजला नव्हता, पण आला. बोलणं संपवून तो म्हणाला, "करा, करा. मात्र रविवारी संध्याकाळी पुण्याची पार्टी येतीय. ते लोक वाजवतबिजवत बसत नाहीत. बघतात आणि घेतात. त्याच्या आत तुमचं काय ते सांगा."

*

वाजवणी म्हणजे काय, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण तिच्यामागची गंमत फार कुणाला माहीत नसते.

वाळवी आंधळी असते. तिचं सगळं जग म्हणजे थरथर. लाकूड कुरतडताना त्यातून जी थरथर परत येते, तिच्यावरून तिला कळतं की पुढ्यात दरवाजा आहे की काडेपेटी. आणि तिच्यात जे शिपाई असतात, ते संकट आलं की आपलं डोकं बोगद्याच्या छताला आपटतात. टकटकटकटक, थांब. टकटकटकटक, थांब. तो निरोप पायांतून पोचला की कामकरी वाळवी घास टाकून पळते.

शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलली. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, सहा पाय, कडक डोकं. सुईएवढ्या भोकातून भिंतीत सोडायचं. शेकडो दाणे आत पसरतात, डोकी आपटतात आणि परत येणारा आवाज ऐकतात. भरीव भिंत वेगळी वाजते, पोकळ वेगळी, ओली वेगळी. प्रत्येक दाणा आपलं ऐकलेलं शेजारच्याला ठोकून सांगतो आणि बाहेर पडद्यावर घराचं आतडंन् आतडं उमटतं. भिंत फोडायला नको, फरशी उचकटायला नको. एका नव्या बंगल्याच्या पिलरमध्ये सिमेंटऐवजी ठेकेदाराचा जेवणाचा डबा सापडला होता, आत भाकरी.

तेव्हापासून घर घेणं म्हणजे मुलगी बघण्यासारखं झालं. फरक एवढाच की पोहे घरानं द्यायचे नाहीत, आणि नकार आला तर रडायचं एजंटनं.

*

वाजवणीला मिरजेहून रेश्मा मुजावर आली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हातात स्टीलचा डबा, डब्यात ते दाणे. त्यांना ती 'पोरं' म्हणायची.

"सरका ताई. पोरांना आत जाऊ द्या. दाटी केली की लाजतात."

आवटी आधीच येऊन खिडक्या उघडून बसला होता. "हवा खेळती राहिली पाहिजे ना," म्हणाला.

फरशीलगतच्या भोकांतून पोरं आत गेली. भिंतींतून पाऊस पडल्यासारखी बारीक टकटक सुरू झाली. पडद्यावर घर उमटत गेलं. भिंती छान. पाइप छान. रेश्मा चौकटीपाशी आली आणि तिच्या भुवया जवळ आल्या.

"स्वच्छ हाय ताई. वाळवी न्हाई."

"तोंड असं का मग?"

"बोगदे हायत. ताजे, ओलसर. पण आत कोण न्हाई. जेवणाची ताटं वाढलेली आणि पंगत उठून गेलेली, तसं वाटायलंय."

एवढ्यात शेजारच्या घरातून किंकाळी आली. मागोमाग दार आपटलं आणि हातात खराटा घेऊन सत्तरीची एक ठेंगणी बाई आत घुसली. शेजारच्या विमलअक्का.

"आलं! आणखी एक गिऱ्हाईक आलं!" खराटा थेट श्रेणिकच्या छातीपर्यंत आला. "तुमची दृष्ट लागती माझ्या कपाटाला! हे घर बघायला कोणबी आलं की त्याच दिवशी माझ्या कपाटात वाळवी! मागच्या खेपेला देव्हाऱ्याचा पाय खाल्ला! काय डोळं हायत का कानस?"

"अक्का, मी तर अजून नीट बघितलंसुद्धा नाही," श्रेणिक खरोखरच अपराधी आवाजात म्हणाला.

उज्ज्वला मात्र गप्प झाली होती. माठ वाजवताना व्हायची तशी.

रेश्मानं भांडणाला कंटाळून पोरांना परत बोलावलं. डब्यावर चमचा वाजवला की पोरं रांगेनं डब्यात यायची. ती भिंतीतून बाहेर आलीसुद्धा. पण डब्याकडं न जाता शिस्तीत वळली, हॉल ओलांडला आणि आवटीच्या पँटवर चढायला लागली.

"ए! ए! काढा! अहो काढा ह्यांना!" आवटी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. पोरं गुडघ्यापर्यंत पोचली. विमलअक्कांनी मदत म्हणून खराट्याचे दोन फटके दिले, ते पोरांना लागले नाहीत.

"माझी पोरं परक्याच्या अंगावर जात न्हाईत," रेश्मा हाताची घडी घालून म्हणाली. "आपल्यातल्या कुणाचा आवाज आला तरच जातात. साहेब, खिशात काय हाय?"

सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत आवटीची मांडी बोलली. टकटकटकटक, थांब. टकटकटकटक, थांब.

खिशातून तंबाखूची डबी निघाली. डबीत जुनेपाने दाणे होते, कुठल्याशा भंगारातून आणलेले, तेवढा एकच ठोका येणारे.

"तुम्ही लवकर आलात," उज्ज्वला सावकाश म्हणाली. "हे आत सोडले, काम झाल्यावर परत डबीत घेतले. वाळवीला वाटलं शिपाई ओरडायले, पळा. फरशीपासून ठोकलं म्हणजे खालची वाट बंद. मग ती आडवी पळणार. अक्कांच्या कपाटात. आम्ही वाजवलं तर घर स्वच्छ. आणि आम्ही पैसे दिले की पंगत परत पानावर."

"वहिनी, सगळेच करतात हो," आवटी पँट झटकत म्हणाला. "मी नाही केलं तर माझी घरं तेवढी वाळवीवाली निघतील. ते बरं दिसतं का?"

विमलअक्का खराट्यावर टेकून उभ्या होत्या. त्यांचा राग उतरला होता आणि त्याजागी घोर निराशा आली होती. "म्हणजे दृष्ट नव्हती?"

"नाही अक्का."

"मग एवढ्या मिरच्या ओवाळून जाळल्या, त्या फुकट गेल्या की गं!"

*

"आपण दुसरं बघू," श्रेणिक खाली येताना म्हणाला.

"कुठलं? सांगलीत रोज वाजवण्या चालल्यात. प्रत्येकाचं घर स्वच्छ आणि प्रत्येकाची वाळवी शेजाऱ्याकडं. आपण कुठंही गेलो तरी कुणाच्या तरी शेजारीच जाणार ना?"

"मग औषध..." तो शब्द अर्धाच राहिला. त्याच्याच्यानं पुढं बोलवेना. शिवाय चंद्रप्रभात दारावरच पाटी होती, की इथं कोणताही जीव मारला जाणार नाही.

"मारायचं नाही," उज्ज्वला म्हणाली. "घालवायची. लोक खालून ठोकतात म्हणून ती आडवी जाते. वरनं ठोकत आलं तर? सगळ्यात वरच्या मजल्यापासून, एकेक घर, सगळ्यांनी मिळून. वाळवी मातीतनं आलीय, मातीत जाईल."

"सगळ्यांनी मिळून?" श्रेणिकनं विचारलं. "सोसायटीतल्या?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. हाच भाग विज्ञानाच्या पलीकडचा होता.

सभा जिन्याखाली भरली. चेअरमन खोत तळमजल्यावर राहायचे आणि बोलताना स्वतःला 'संस्था' म्हणायचे. "संस्था तुमचं ऐकू शकत नाही. तुम्ही मेंबर नाही."

"मेंबर व्हायला घर घ्यायला लागतं. घर घ्यायला वाळवी जायला लागती. वाळवी जायला तुम्ही ऐकायला लागतं. कुठनं सुरू करू सांगा."

"पण इथं वाळवी नाहीच," खोत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्याच घरात नव्हती.

"मग माझं कपाट काय मी खाल्लं?" विमलअक्का उठल्या. "खोत, मी सांगते. मागच्या वर्षी मी गुपचूप वाजवणी केली. एकदा. बरं, दोनदा. माझ्याकडची सरकत सरकत तुझ्याकडं गेली असंल. तू केलीस का न्हाई खरं सांग. महावीरांची शपथ हाय."

"कुठल्या महावीरांची?" खोतांनी सावधपणे विचारलं. "एजंटच्या का?"

मग वरच्या मजल्यावरचे तबलजी गुरव सर खाकरले आणि म्हणाले, की त्यांनीही एकदा, म्हणजे पाहुणे यायचे होते म्हणून. मग त्यांच्या समोरच्या बाई. मग एकेक करून सगळेच. जीव कुणी मारला नव्हता. नुसता शेजारी ढकलला होता. चंद्रप्रभातली वाळवी बिचारी धड कुठं जेवलीच नव्हती, नुसती बिऱ्हाडं बदलत होती.

बिऱ्हाडं बदलायचा विषय निघाल्यावर उज्ज्वलाचा आवाज एकदम खाली आला. "तिलापण एक जागा देऊ. कायमची. मागच्या मोकळ्या प्लॉटवर. पण रविवारी सकाळी सगळ्यांनी ठोकायचं. कुणी एकानं जरी दार लावून घेतलं, तरी ती तिथं थांबेल आणि दुसऱ्या दिवशी वर येईल."

"ती माझी पाहुणी हाय," विमलअक्कांनी उज्ज्वलाकडं बोट करून खोतांना बजावलं. "तिचं ऐकायचं."

*

रविवारी सकाळी चंद्रप्रभात कुणी नाश्ता केला नाही, कारण लाटणी, बत्ते आणि उलथन्यांचे दांडे सगळे भिंतींच्या कामाला लागले होते. रेश्माची पोरं एका घरापुरती. बाकी ठोकायचं हातानं. उज्ज्वला जिन्यात मधोमध उभी राहून ठोका देत होती. वडिलांच्या दुकानात लहानपण गेलेलं; ठोका तिच्या हाडांत होता. "टकटकटकटक, थांब! घाई नाही! थांब म्हणजे थांब!"

मागच्या प्लॉटवर श्रेणिकनं विमलअक्कांचं अर्धं खाल्लेलं कपाट आडवं घातलं होतं. त्यावर ओली पोती, उसाची चिपाडं. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची वाट बघावी तसा तो छत्री धरून उभा.

वरच्या मजल्यावर सुरुवात छान झाली. रेश्मा भिंतीला ऐकायचं यंत्र लावून सांगत होती, "हलली! हलली ताई! खाली सरकली!" आणि मग, "थांबली."

"थांबली? का?"

"काय की. सगळी एका जागी बसल्यात. ऐकायलेत वाटतं."

वर गुरव सरांच्या भिंतीतून तिहाई येत होती. सरांना तोच तोच ठोका वाजवणं जमेना. हातानं आपोआप बोल धरला होता. उज्ज्वला दोन दोन पायऱ्या चढून वर गेली.

"सर, समेवर येऊ नका! तिला पळायचंय, दाद द्यायची नाही!"

"पण बाई, इतकं रूक्ष..."

"रूक्षच पाहिजे!"

दुसरा मजला लवकर निघाला. विमलअक्का खराट्याच्या दांड्यानं अशा ठोकत होत्या की जणू प्रत्येक जळलेल्या मिरचीचा हिशेब घेत होत्या. पहिला मजलाही निघाला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सगळ्या बिल्डिंगची वाळवी तळमजल्यावर, चेअरमन खोतांच्या भिंतीत येऊन दाटली आणि खोतांचं दार बंद होतं.

उज्ज्वलानं कडी वाजवली. आतून आवाज आला, "संस्था अंघोळीला गेलीय."

"बाहेर या! तुमच्याच भिंतीत आहे सगळी!"

"माझ्याकडं वाळवी नाही! माझं घर स्वच्छ आहे! लोकांत बोभाटा नको!"

आरडाओरडा ऐकून श्रेणिक प्लॉटवरून आला होता; उज्ज्वलानं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. भांडण म्हटलं की पोट बिघडणारा तो माणूस छत्री टाकून पुढं आला, खोतांच्या दाराशी उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडला, "साहेब, त्या बिचाऱ्यांना जायचंय! वाट द्या!"

आत खोत दचकले असावेत. त्यांनी घाईनं बाथरूमचं दार ओढलं. मग 'भस्स' असा आवाज आला. थोड्या वेळानं बाहेरचं दार उघडलं. संस्था टॉवेलवर उभी होती. अंगभर भुसा. हातात बाथरूमच्या दाराची कडी होती, आणि कडीला दार नव्हतं.

"द्या तो बत्ता इकडं," खोत म्हणाले.

त्यांनी इतक्या जोरात ठोकलं की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गच्चीवर आले. रेश्मा प्लॉटवर कपाटाला कान लावून बसली होती. बराच वेळ काही नाही. मग तिनं हात वर केला.

"खायल्यात," ती हळूच म्हणाली. "कुरकुर येतीय. खायल्यात ताई!"

"जेवल्या म्हणा," श्रेणिक नाक पुसत म्हणाला.

*

संध्याकाळी आवटी पुण्याच्या पार्टीला घेऊन आला. पार्टीला दारातच टॉवेलवर चेअरमन दिसले, जिन्यात लाटणी घेऊन उभ्या बायका दिसल्या आणि गुरव सर भिंतीला कान लावून "वा" म्हणताना दिसले. पार्टी जिना चढलीच नाही.

आवटी खचला नाही. उज्ज्वलाला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, आता बिल्डिंग वाळवीमुक्त झाली. म्हणजे भाव जरा..."

"महावीर," मागून विमलअक्का म्हणाल्या. "तुझी मांडी काय बोलती, ते गावात सांगू का?"

भाव जिथल्या तिथं राहिला. पण रेश्मा डबा आवरता आवरता थांबली होती.

"एक बोलायचं राहिलं ताई. आज गेली. उद्या इथं शांत झालं की परत येईल. वाट तिच्या ओळखीची. पोरांची बॅटरी दिवसभराची."

"मग रोज ठोकायचं?" खोतांनी बत्त्याकडं बघितलं.

"पळवायला तो ठोका लागतो. परत न यायला तेवढं नको. पायाशी, भिंतीत कोणतरी जागं हाय, एवढं तिला कळत राहिलं तरी ती फिरकत न्हाई. पण रात्रंदिवस पाहिजे. न थांबता. मशीन टिकणार न्हाई असलं."

सगळे विचारात पडले. कुणी पंखा म्हणालं, कुणी पाण्याची मोटर. उज्ज्वलाला उत्तर रेश्माचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. तिनं वर बघितलं, जिन्याच्या फटीतून, दुसऱ्या मजल्याकडं. मग श्रेणिककडं.

"नको," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं तिला पहिल्यांदाच नको म्हटलं होतं. "ते आपल्या भिंतीसाठी आहे. एवढी वर्षं त्याच्यासाठी..."

"भिंत राहिली तर घड्याळ ना?" उज्ज्वला म्हणाली. "रिक्षा बोलवा. सध्याच्या घरी जाऊन येऊ."

घड्याळ आलं. जिन्याच्या तळाशी, जिथून वाळवी पहिल्यांदा चढली होती त्या भिंतीसमोर उज्ज्वला हातोडी घेऊन उभी राहिली. खोतांनी सवयीनं तोंड उघडलं, "कॉमन भिंतीला खिळा म्हणजे संस्थेचा ठराव..."

"खोत, दार बसवलंस का?" विमलअक्कांनी विचारलं.

खिळा बसला. लंबकाला बोट लावल्यावर तो आधी अवघडल्यासारखा हलला, लग्नापासून झोपलेल्या माणसासारखा, आणि मग चालायला लागला. टक. टक. टक. रेश्मानं भिंतीला कान लावला. घड्याळाचा आवाज बिल्डिंगच्या हाडांतून वर चढत होता. ती नुसती मान हलवून हसली.

*

घराची किल्ली महिनाअखेरीच्या आधी हातात आली. चंद्रप्रभात तोपर्यंत घड्याळाला चावी कुणी द्यायची यावरून दोनदा भांडण झालं होतं आणि पाळ्या लागल्या होत्या. गुरव सरांचं म्हणणं, घड्याळाची लय विलंबित आहे आणि त्यांना झोप छान लागते. रेश्माकडं सांगलीतल्या निम्म्या सोसायट्यांची बोलावणी आली होती. सगळे विचारत होते, वाळवी घालवाल का? ती सांगायची, "घालवते. पण आधी शेजाऱ्याला घेऊन या." निम्म्यांचा फोन तिथंच बंद व्हायचा.

हॉलची ती लांब भिंत अजून कोरी होती. उज्ज्वलानं बोटाचं पेर मारून बघितलं. खणखणीत. मग तिनं खिळा टेकवला आणि ठोकला. ठक. ठक. ठक. कुणाला विचारलं नाही. ठोकून झाल्यावर मागं सरकून बघत उभी राहिली.

श्रेणिक खोकं उघडता उघडता थांबला. "काय टांगायचं त्याला?"

"काही नाही."

"मग?"

"असू दे. आपला आहे."

तो जवळ आला. दोघांनी खिळ्याच्या दोन बाजूंना कान लावले. खूप खालून, विटांतून, वडिलांचं घड्याळ ऐकू येत होतं.

तेवढ्यात पलीकडून भिंतीवर खराट्याचा दांडा आपटला. "कोण ठोकतंय गं तिकडं?"

"मी अक्का!" उज्ज्वला ओरडली. "माझ्या भिंतीला खिळा ठोकायले!"

पलीकडचा दांडा थांबला.

"ठोक की मग," विमलअक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, कोण घर बघायला आलंय का काय!"